मिनिटाला अकरा शब्द

माणसं छापील कागदाचं सगळं ऐकतात, हे मला फार लवकर कळलं. एकदा मी एका रिकाम्या भिंतीवर 'रांग येथून सुरू' असा कागद चिकटवला आणि समोर चहा घेऊन बसलो. अर्ध्या तासात चौदा माणसं उभी! पंधरावा आला आणि विचारायला लागला, "कशाची रांग आहे?" तर चौदावा त्याच्यावर खेकसला, "आधी मागे उभे राहा, मग विचारा." मी हसून हसून चहा सांडला.

माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. आत दोन मशिनं आहेत. एक चालतं, दुसरं चालल्यासारखं करतं. गिऱ्हाईक म्हणजे शाळाच. हजेरीपत्रकं, परिपत्रकं, दाखले, सगळं माझ्याकडे येतं, आणि जे येतं ते मी वाचतो. वाचू नये म्हणतात. पण कागद मशिनीत जाईपर्यंत मी काय छताकडे बघत बसू?

दरवर्षी वाचन-तपासणीच्या आधी शिक्षण मंडळाकडून एक फाइल येते. जाड कागदावर चाळीस कार्डं काढायची. वर मंडळाचं चिन्ह, मध्ये चौकट, चौकटीत उतारा, खाली शिक्क्याची जागा. तपासणीस येतो, पाचवीच्या एकेका मुलाला कार्ड देतो आणि मिनिटभर वाचायला लावतो. मिनिटाला पंचेचाळीस शब्द झाले की मूल 'अस्खलित'. उताऱ्याचं नाव 'नदी'. मी दुकान टाकलं त्याला सात वर्षं झाली, सातही वर्षं नदीच. एकदा मी शाळेच्या कारकुनाला विचारलं, हे बदलत का नाहीत हो? तो म्हणाला, "बदललं तर यंदाचा निकाल मागच्या वर्षाशी ताडून कसा बघणार?" असा चेहरा करून म्हणाला की मलाच लाज वाटली.

आता सात वर्षं तीच नदी म्हटल्यावर काय होणार? आमच्या गल्लीत मुली दोरीच्या उड्या मारतात त्या नदीवर. "नदी डोंगरात, एक! उगम पावते, दोन! दगडांवरून, तीन!" कोपऱ्यावरच्या न्हाव्याला पाठ आहे. मलाही आहे. झोपेत विचारा.

माझी भाची पाचवीत. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. ताई, म्हणजे तिची आई, इस्पितळाच्या धोबीखात्यात चादरी इस्त्री करते. संध्याकाळी सुटते. तोवर भिंगरी माझ्या दुकानात कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून पाय हलवते आणि गिऱ्हाइकांना नको ते प्रश्न विचारते. माझ्यावर गेलीय.

तर तपासणीला महिना असताना मी मागच्या वर्षीच्या फाइलमधून एक कार्ड नमुना म्हणून काढलं. टोनर संपत आला होता, त्यामुळे वरच्या पाच ओळी उमटल्या आणि खालची अर्धी चौकट कोरी. मी मशीन उघडत होतो तेवढ्यात भिंगरीने कार्ड उचललं. "मामा, बघ मी कशी वाचते!" आणि सुटली. ओळीखाली बोट, मान डोलतेय, स्वल्पविरामाला थांबतेय. मला भरून आलं. मग पाच ओळी संपल्या आणि बोट कोऱ्या कागदावर आलं. पोरगी थांबेना! बोट कोऱ्या कागदावरून सरकतंय, आणि नदी आपली शेतांना पाणी पाजत, गावं ओलांडत, समुद्राला जाऊन मिळतेय.

मी आधी खो खो हसलो. मग तिचं बोट धरून वरच्या ओळींवर आणलं.

"भिंगरे, हा शब्द वाच." मी मधलाच एक शब्द दाखवला. ती पहिल्यापासून सुरू झाली आणि बोट पोचेपर्यंत म्हणत गेली. मी कार्ड बाजूला ठेवलं आणि दुकानाच्या दारावरची पाटी दाखवली. 'सुट्टे द्यावेत.' तिने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत्मविश्वासाने म्हणाली, "झेरॉक्स!"

संध्याकाळी ताई आली. मी म्हटलं, "ताई, हिला वाचता येत नाही."

"आलास का मस्करीवर? माझे पाय बोलतायत, सोड आज."

"मस्करी नाही गं. अक्षरं येत नाहीत तिला."

ताईने पिशवीतून प्रगतीपुस्तक काढून काउंटरवर आपटलं. "वाच. पहिली उत्तम, दुसरी उत्तम, तिसरी, चौथी. चार वर्षं चार बायका खोटं लिहितील, आणि तू एकटा खरं बोलतोस? तू? ज्याने माझ्या लग्नात नवऱ्याच्या मित्रांना दुसऱ्याच हॉलवर पाठवलं होतं?"

ते केलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गबाईंना गाठलं. त्या पाचवीच्या बाई. चौथीच्या बाई सोडून गेल्यापासून चौथीही त्यांच्याच खोलीत, मध्ये फळा आडवा लावून. बाईंच्या एका हातात डबा, दुसऱ्यात वह्यांचा ढीग. मी सांगितलं. मला वाटलं दचकतील.

"अडतीस आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "खरं वाचता येतं अशी चार, फार तर पाच. बाकीची माझ्याकडे आली तीच अशी."

"मग शिकवा ना."

"कधी, दादा? तीन महिने झाले, मोठ्या बाईंचा हुकूम आहे, रोज सकाळी दोन तास नदी. उरलेल्या वेळात चौथीवाले भांडतात." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ही मुलं मोठ्या शाळेत जातील. तिथे विषयाला एक पुस्तक आणि तासाला एक सर. अ आ कोण शिकवणार? हेच वर्ष आहे."

त्यांचा घास तसाच राहिला, आणि मला एक परिपत्रक आठवलं. मीच झेरॉक्स काढली होती. त्यात लिहिलं होतं की ज्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं तपासणीत अडखळतील, तिथे मंडळ त्याच आठवड्यात वाचन-शिक्षिका पाठवेल. वर्षअखेरपर्यंत, रोज तीन तास, फक्त वाचन.

"बाई! मग नापास होऊ द्या की सगळ्यांना!"

बाई हसल्या. म्हणजे तोंड तसं झालं. "जी शाळा पास होते तिच्या फाटकावर हिरवी पाटी लागते, दादा. आपल्या फाटकावर सहा आहेत. मोठ्या बाई सातवी लावल्याशिवाय सोडतील होय?"

म्हणजे बघा. मुलांना वाचता येत नाही हे कळलं तर शिकवायला माणूस येतो. म्हणून सगळी शाळा जिवाचं रान करते, कशासाठी? ते कळू नये म्हणून! मी गल्लीतला नावाजलेला उपद्व्यापी, पण एवढी मोठी थट्टा मला जन्मात सुचली नसती.

त्या दिवसापासून भिंगरीला मी दुकानात धरून बसवायला लागलो. पाठ्यपुस्तक काढलं की ती पळायची, म्हणून गिऱ्हाइकांचे कागद. कोणाचा कुत्रा हरवलेला, कोणाला खोली भाड्याने द्यायची. कुत्र्याच्या कागदावर तिचं मन बसलं. "क... कु... त्रा. ह, र, व, ला. मामा, कुत्रा हरवला!" जणू तिनेच हरवला. मग रोजचा एकच प्रश्न, सापडला का? मी म्हणायचो, पुढचं वाच, कळेल. तीन आठवड्यांत पोरगी सुटे सुटे शब्द लावायला लागली. घाम यायचा तिला. कपाळावर आठ्या, जीभ बाहेर. पण ते वाचणं होतं! मात्र मी काही शिक्षक नाही. जोडाक्षर आलं की ती अडायची आणि मी चिडायचो. आणि बाकीची सदतीस? ती काय माझ्या दुकानात मावणार होती?

तपासणीच्या दोन दिवस आधी फाइल आली. जाड कागद, चाळीस कार्डं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आयुष्यातली सगळ्यात गंभीर मस्करी केली.

वर चिन्ह तेच, चौकट तीच, शिक्क्याची जागा तीच. लांबून बघितलं तर नदीच. आत मी लिहिलं:

'एक बकरी होती. ती वर गेली. वर साहेब बसले होते. बकरीने टोपी खाल्ली. साहेबांनी घड्याळ बघितलं.' असं बरंच पुढे. आणि शेवटी, 'साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर मुलांना थांबवा. त्यांना नदी पाठ आहे. त्यांना वाचता येत नाही. वाचन-शिक्षिका पाठवा.'

माझं गणित सरळ होतं. मुलं कार्ड हातात घेऊन नदी म्हणणार. साहेब कार्डाकडे बघणार, मुलाकडे बघणार, पुन्हा कार्डाकडे बघणार. संपलं! दहा मुलांत भांडं फुटणार. भिंगरीला मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तासाभरात न्हाव्यालाही कळलं असतं.

तपासणीच्या दिवशी शाळेच्या ऑफिसातला प्रिंटर बिघडला. कसा बिघडला ते विचारू नका, त्यात एक खोडरबर सापडलं एवढंच सांगतो. दुरुस्तीला मलाच बोलावणार, दुसरं कोण आहे? मी प्रिंटर उचलून व्हरांड्यात आणला, उजेड लागतो म्हणालो, आणि पाचवीच्या दारासमोर मांडी घालून बसलो.

साहेब तसे साधेच होते. वाकलेले, डोळ्यांखाली काळं, बाकाखाली पाय चपलेतून काढून ठेवलेले. एका हातात थांबघड्याळ, पुढ्यात तक्ता. शेजारी वर्गबाई कार्ड द्यायला, आणि मोठ्या बाई खुर्चीत ताठ, सातवी पाटी बघतच बसल्यासारख्या.

पहिला मुलगा आला. कार्ड घेतलं. "नदी डोंगरात उगम पावते..." बोट बकरीवर, तोंडात नदी! साहेबांचे डोळे घड्याळावर. "थांब. शाब्बास." तक्त्यात आकडा. दुसरी आली. नदी. तिसरा. नदी. मी हातात स्क्रू धरून वाट बघतोय, आता बघतील, आता बघतील. चौथीने कार्ड उलटं धरलं होतं हो! वर्गबाईंनी हळूच सरळ केलं. साहेब घड्याळाची कळ दाबतायत.

मग आला न्हाव्याचा मुलगा. हा त्या चारपाचातला, खरं वाचणारा. त्याने कार्ड बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. त्याने वर्गबाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंकडे बघितलं. मी मनात ओरडतोय, वाच रे बाळा, बकरी वाच! तो म्हणाला, "नदी डोंगरात उगम पावते."

त्याचं तरी काय चुकलं? वाचायला येत होतं त्यालाच सगळ्यात आधी कळलं, इथे काय म्हणायचं असतं ते.

एकोणिसावी भिंगरी. "नदी..." म्हणाली आणि थांबली. कार्ड डोळ्यांजवळ नेलं. कपाळावर आठ्या आल्या, जीभ बाहेर आली. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला.

"ए... क. एक. ब, क, री. बकरी!" तिला हसू फुटलं. "एक बकरी हो... ती. होती."

"नीट वाच," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नीटच वाचतेय," भिंगरी म्हणाली. "ती वर गे... ली. वर सा... हे... ब." तिने साहेबांकडे बघितलं. साहेब घड्याळाकडे. "ब, स, ले. होते. ब, क... बकरीने..."

"थांब. अकरा." साहेबांनी लिहिलं. "अस्खलित नाही. पुढचा."

मी कसा आत गेलो मला आठवत नाही. प्रिंटरचं झाकण हातातच होतं. "साहेब, तिने बरोबर वाचलं! अठरा जणांनी खोटं वाचलं, ही एकटी खरं वाचतेय. कार्ड बघा!"

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"प्रिंटरवाला," मोठ्या बाई दातओठ खात म्हणाल्या.

"बघा तर खरं एकदा!" मी भिंगरीच्या हातातलं कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं.

त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, जमलं! आता उठतील.

साहेबांनी कार्डाची दोनदा घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग तक्ता माझ्याकडे फिरवला. "यात तीन रकाने आहेत. शब्द किती, अस्खलित, अस्खलित नाही. तुम्हीच सांगा, बकरी कुठे लिहू?"

"तपासणी रद्द करा."

"करतो. मग मंडळ चौकशी लावेल. कार्ड कोणी छापलं, कोणी दिलं. या बाईंना नोटीस येईल. फेरतपासणी पुढच्या वर्षी, तेव्हा ही मुलं इथे नसतील. वाचन-शिक्षिका तेव्हाही येणार नाही." ते रागावलेही नव्हते, हेच मला सहन होईना. "मला आज अजून तीन शाळा आहेत. आणि नदी मलाही पाठ आहे. मुलांनी बरोबर म्हटली." मग पायात चप्पल सरकवत म्हणाले, "पुढचा."

सदतीस अस्खलित. एक नाही.

मला व्हरांड्यात गाठून वर्गबाई हळूच म्हणाल्या, "सकाळीच वाचलं होतं मी कार्ड. वाटताना."

"मग वाटलंत कशाला?"

"मला वाटलं, एखाद्या वेळेस बघतील." एवढं बोलून त्या आत गेल्या. चौथीवाले भांडत होते.

संध्याकाळी ताई दुकानात आली ती पायातलं हातात घ्यायच्या तयारीनेच. "चार वर्षं उत्तम होती माझी पोरगी! तीन आठवडे तुझ्याकडे बसली आणि वर्गात एकटी नापास! एकटी! साऱ्या गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस."

"ताई, ती वाचतेय गं. ऐक तरी एकदा. भिंगरे, वाचून दाखव आईला." मी पुढ्यातला कागद दिला. कोणाच्या तरी भाड्याच्या खोलीचा.

भिंगरीने कागद घेतलाच नाही. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही."

मोठ्या बाईंनी एक फायदा तेवढा करून दिला. सत्त्याण्णव टक्के झाले होते, पण शंभर टक्क्यांची पाटी सोनेरी असते. एकच मूल राहिलं असेल तर आठ दिवसांत पुन्हा बसवता येतं. मंडळाकडून फाइल पुन्हा आली, एका कार्डाची. यावेळी माझ्याकडे छापायला दिली नाही. मोठ्या बाईंनी स्वतः ऑफिसात उभं राहून काढली.

ते आठ दिवस भिंगरी दुकानात आली नाही. घरीच होती. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. आतून खडखडीत आवाज, "नदी डोंगरात उगम पावते," आणि ताई चादरीसारखी प्रत्येक ओळ ताणून घ्यायची, "पुन्हा, पहिल्यापासून." मी दार वाजवलं तर ताई फटीतून म्हणाली, "काम आहे आमचं."

शनिवारी तपासणी झाली. मी फाटकाबाहेर उभा होतो, आत जायची मला बंदी. भिंगरी पळत आली, दोन्ही वेण्या सुटलेल्या, हातात रंगीत कागद.

"मामा, छप्पन्न सेकंदांत संपवली! मिनिटाला शहाण्णव शब्द! न्हाव्याच्या पोरापेक्षा जास्त!"

"अरे वा," मी म्हटलं. तिच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणवेना.

"साहेब म्हणाले शाब्बास." मग तिने माझ्याकडे मान वर करून बघितलं. "मामा, तुझे किती होतात मिनिटाला?"

"माझे? मी कधी मोजले नाहीत गं."

"कधीच नाही?"

"नाही."

तिला खरंच आश्चर्य वाटलं. तिने कागद छातीशी घट्ट धरला.

"मग तुला कसं कळतं," ती म्हणाली, "तुला वाचता येतं ते?"